सकाळी आठच्या आत

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आणि भारतातून मुला-नातवंडांकडे आलेल्या सगळ्या आजी-आजोबांना विशेष नमस्कार.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी जपानला जाऊन आलो. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, कसा वाटला जपान? आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकतो, "काय शिस्त आहे ना! त्यांच्या रक्तातच आहे ती." समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हाच ठरवलं की या वाक्याबद्दल बोलायचं, कारण मला ते पटत नाही. रक्तातच असेल तर विषय संपला. आपण कौतुक करायचं, फोटो काढायचे आणि मेलबर्नला परत यायचं. मी जे पाहिलं ते माणसांनी ठरवून, बऱ्याचदा नाइलाजाने, उभं केलेलं आहे. रोज सकाळी उठून ते त्यांना पुन्हा करावं लागतं.

टोकियोत आम्ही राहिलो ते सुमिदा नदीजवळच्या जुन्या वस्तीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर. खाली मालकीणबाई राहतात, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जपानी येत नाही, पण फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने आमच्या भरपूर गप्पा झाल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक रंगीत तक्ता ठेवला. कचऱ्याचा. जाळता येणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जाळता येणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या, डबे आणि कागद आठवड्यातून एकदा. सगळं सकाळी आठच्या आत, ठरलेल्या कोपऱ्यावर, ठरलेल्या जाळीखाली. ही जाळी कावळ्यांसाठी. टोकियोचे कावळे चांगले दांडगे आहेत, पिशव्या फाडून रस्ताभर पसरतात. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, बाटली धुतलेली. दुधाचा खोका धुऊन, उलगडून, वाळवून ठेवायचा.

आपल्याकडे इथे लाल, पिवळ्या, हिरव्या झाकणांच्या पेट्या असतात. झाकण लावलं की आत काय टाकलं ते कोणी बघत नाही. तिथे पिशवी आरपार दिसणारी असते आणि कोपरा सगळ्या गल्लीचा असतो. कचऱ्याची गाडी गेल्यावर तो कोपरा झाडायची पाळी घरोघरी फिरते. आमच्या मुक्कामात ती मालकीणबाईंकडे होती. सकाळी त्या झाडू घेऊन निघायच्या, जाळी गुंडाळून ठेवायच्या, जमीन पाण्याने धुवायच्या. मी एकदा झाडू हातात घेतला तर त्यांनी नको-नको केलं, मग दिला. वाकून झाडताना शेजारच्या दोघी आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांच्यात बराच वेळ बोलणं चाललं. ते मला कळलं नाही, पण एक कळलं की या कोपऱ्यामुळे गल्लीतली माणसं रोज एकमेकांना भेटतात.

रस्त्यावर कचराकुंड्या मात्र जवळजवळ नाहीत. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरच्या आणि रस्त्यांवरच्या बऱ्याच कुंड्या सुरक्षेसाठी काढल्या गेल्या. लोकांनी कचरा पिशवीत घालून घरी न्यायला सुरुवात केली. आमची मुलंही दोन-तीन दिवसांत तसंच करू लागली. आईस्क्रीमच्या काड्या खिशात, बाटली सॅकमध्ये. मला एका शब्दानेही सांगावं लागलं नाही, कारण आजूबाजूला दुसरं काही करणारं कोणी दिसतच नव्हतं.

मालकीणबाईंना मी सुमिदा नदीबद्दल विचारलं. संध्याकाळी तिच्या काठावर किती लोक फिरायला येतात, बाकांवर बसून डबे खातात. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी या नदीजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचे. हे बाईंचं अतिरंजित स्मरण नाही. सुमिदा काठचा आतषबाजीचा उत्सव 1733 पासूनचा मानला जातो. तो 1962 पासून बंद पडला. त्याची दोन कारणं, वाढलेली वाहतूक आणि दुर्गंधी सुटलेली नदी. पुन्हा सुरू व्हायला 1978 उजाडावं लागलं. त्याच सुमारास मिनामाटा इथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसं अपंग झाली, मेली. लोक कोर्टात गेले, मोर्चे निघाले, आणि 1970 च्या अखेरीस जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणासंबंधी 14 कायदे केले. हीच माणसं, हेच रक्त. नदी घाण केली तीही त्यांनीच आणि स्वच्छ केली तीही त्यांनीच. मुळा-मुठेच्या काठी वाढलेली मी, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु गावाचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. दीड हजारही वस्ती नाही. तिथे कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. गावात कचऱ्याची गाडी येत नाही, लोक स्वतः केंद्रावर आणून वेगळं करतात, ओला कचरा घरीच जिरवतात, आणि सुमारे 80 टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. आपण हे ऐकून थक्क होतो, पण सुरुवात कशी झाली तेही ऐका. कचरा जाळताना निघणाऱ्या डायऑक्सिन या विषारी द्रव्याचे नियम कडक झाले, गावाच्या छोट्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या, नवी बांधायला पैसे नव्हते. मग 2003 मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला.

आता शाळा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिथल्या शाळा चालू असतात. सकाळी आमच्या खिडकीखालून मुलांची रांग जायची. पुढे मोठा मुलगा, मागे पिवळ्या टोप्यांतले पहिलीचे, आईबाप कोणी नाही. वळणावर पिवळं निशाण धरलेले एक आजोबा उभे असत. याच मुलांना शाळेत रोज वर्ग, जिने आणि बहुतेक शाळांत स्वच्छतागृहंही स्वतः साफ करायची असतात. जेवण वाढायचं कामही पाळीने मुलांकडेच, पांढरे डगले आणि टोप्या घालून. ही शिक्षा नसते आणि विशेष उपक्रमही नसतो. गणित, भाषा, तशीच वेळापत्रकातली सफाई. सहा वर्षांच्या वयापासून रोज जे करतो ते पंधरा वर्षांनी अंगवळणी पडलेलं असणारच. आपण त्याला रक्त म्हणतो.

सापडलेल्या पाकिटांच्या गोष्टी सगळेच सांगतात, मी थोडक्यात सांगते. प्रामाणिकपणा आहेच, पण त्याच्या पाठीशी नीट लिहिलेला कायदा आहे. वस्तू सापडली तर स्टेशनाजवळच्या छोट्या पोलीस चौकीत द्यायची. मालक आला तर त्याने देणाऱ्याला किमतीच्या 5 ते 20 टक्के बक्षीस द्यायचं. तीन महिने कोणी आलंच नाही तर वस्तू सापडवणाऱ्याची, काही अपवाद वगळता. प्रामाणिक राहणं सोपं जावं अशी सोय सरकारने करून ठेवली आहे, आणि मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

सार्वजनिक स्नानगृहात जायला मी आधी बिचकत होते. मालकीणबाईच घेऊन गेल्या. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. आत गेल्यावर बुटक्या स्टुलावर बसून, पुढ्यात पाणी घेऊन, साबण लावून अंग खसखसा घासायचं, आजीच्या घरच्या मोरीवर बसल्यासारखं. पूर्ण स्वच्छ झाल्यावरच गरम पाण्याच्या सामायिक हौदात उतरायचं. टोकियोतला दर तिथलं प्रशासन ठरवतं, 2024 च्या ऑगस्टपासून मोठ्यांना 550 येन. 1968 च्या सुमारास शहरात अशी अडीच हजारांवर स्नानगृहं होती, आता पाचशेच्या आत आली. घरोघरी न्हाणीघरं झाली, हे चांगलंच. पण त्या हौदात बसलेल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींची चौकशी करत होत्या. ती जागा गेली की त्या कुठे भेटणार, याची मला काळजी वाटली.

कारण तिथे एकटेपणा आहे, आणि तो दिसतो. दुकानात एका माणसापुरत्या जेवणाची रांगच्या रांग असते. रात्री दहाच्या गाडीत थकून झोपलेले नोकरदार दिसतात. कामाच्या ताणाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी देशाला 2014 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. मुंबईच्या लोकलमधला कलकलाट आठवून मला तिथल्या डब्यातली शांतता काही वेळा जड वाटली. जपान आवडला म्हणून हे झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

यावर त्यांच्याकडे एक साधा उपाय मात्र आहे, आणि तो मला सगळ्यात आवडला. सकाळी साडेसहाला रेडिओवर दहा मिनिटं व्यायाम लागतो. 1928 पासून. युद्धानंतर काही काळ बंद होता, आजचा प्रकार 1951 पासूनचा आहे. आमच्या जवळच्या बागेत एक आजोबा छोटा रेडिओ घेऊन यायचे आणि पाहता पाहता तीस-चाळीस माणसं जमायची. हात वर, हात खाली, उड्या, श्वास. पियानोच्या तालावर. शुल्क नाही, नावनोंदणी नाही. दहा मिनिटांनी सगळे पांगायचे. कोणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी चौकशी होते, असं मालकीणबाईंनी सांगितलं. पुण्यात, नाशकात एकटे राहणारे आपले आईबाप डोळ्यांसमोर आले.

आपल्या ओळखीच्या खुणा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. टोकियोच्या असाकुसा भागातच, सुमिदा नदीच्या काठी, मात्सुचियामा नावाचं मंदिर आहे. तिथे गणपती आहे. मूर्तीचं दर्शन मिळत नाही, ती कायम झाकलेली. नैवेद्य मात्र मुळ्याचा! लोक लांबलचक पांढरे मुळे वाहतात, आणि भिंतींवर, कंदिलांवर मुळ्यांची जोडी कोरलेली. आमच्या धाकटीने तिथे उभं राहून "सुखकर्ता" म्हटलं. बाजूच्या बाई शेवटपर्यंत हात जोडून थांबल्या.

पुणेकरांसाठी मुद्दाम ओकायामाबद्दल सांगते. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्यावरून केलं ते कोराकुएन उद्यान तिथे आहे, 1700 मध्ये पूर्ण झालेलं. आत हिरवळीच्या मधोमध भाताची खाचरं आणि चहाचा मळा आहे, जुलैत कमळं फुललेली होती. पण मी त्या शहरात आणखी एका गोष्टीसाठी गेले होते. फलाटांवर, पदपथांवर दिसणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या तिथल्या सेइइची मियाके यांनी शोधल्या, दृष्टी जात चाललेल्या एका मित्रासाठी, स्वतःच्या पैशाने. 18 मार्च 1967 ला ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. आज आपल्या पुणे मेट्रोत त्या आहेत, इथे फ्लिंडर्स स्ट्रीटच्या फलाटावरही आहेत. माझे मामा अंध होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून रस्ता ओलांडला. त्या फरश्यांवर मी डोळे मिटून, मुलीचा हात न धरता चालून पाहिलं, आणि पायाला खरंच रस्ता कळतो. जपानातही काही जण त्यांच्यावर सायकली लावून जातात, त्याविरुद्ध पाट्या लावाव्या लागतात. चांगली व्यवस्थासुद्धा अशी राखावी लागते.

नागपूरकरांनो, दीक्षाभूमीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते भदन्त सुरेई ससाई मूळचे याच ओकायामा प्रांताचे.

शेवटचं, शाकाहाराचं. मला सगळ्यात जास्त फोन यासाठीच आले. भाज्यांच्या साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. निश्चिंत जेवायचं असेल तर वाकायामातल्या कोयासान डोंगरावर जा. कुकाई या बौद्ध भिक्षूंनी 816 मध्ये स्थापन केलेलं हे धर्मपीठ. पन्नासेक मंदिरांत राहायची सोय आहे, जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचं टोफू जरूर खा. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालेला, तोही बघून या. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचं, तिथून डोंगरावर दोरखेचीची गाडी जाते. संध्याकाळचं जेवण लवकर वाढतात, तेव्हा पाचच्या आत पोहोचा. आणखी काही विचारायचं असेल तर मसाला दुधाच्या टेबलापाशी मी आहेच.