कुत्र्याची खाज आणि कॅप्सूलमागची बारीक अक्षरं

(नागपुरात श्वानपालकांसमोर एका पशुवैद्यानं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात एकच वाक्य ऐकू येतं. "डॉक्टर, हा रात्रभर खाजवून राहिला, आम्हाले झोपू देऊन नाही राहिला." आणि लगेच पुढचा प्रश्न, "जवसाचं तेल देऊ का?"

प्रश्न विदर्भातल्या माणसाचा आहे, त्यामुळे मला आवडतो. पण आधी पिसवा आणि गोचीड बघा. अंगावर पिसवा असतील तर तेलानं काही होणार नाही. खरजेवरही तेल हा उपाय नाही. आणि जळकं इंजिन ऑइल तर हात जोडून सांगतो, लावू नका. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं.

आता तेलाकडे येऊ. १९२९ साली अमेरिकेत बर दांपत्यानं उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेलं खाणं दिलं. त्यांच्या कातडीला खपल्या धरल्या, शेपट्या खराब झाल्या. सारवण गेलेल्या भिंतीला पोपडे सुटतात, तसंच. कातडीतलं हे सारवण करायला लिनोलेइक आम्ल लागतं. ते ओमेगा-६ गटातलं, करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात भरपूर असतं. निव्वळ दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज झाले, कोंडा पडायला लागला, तर थोडंसं करडईचं तेल खरंच कामाला येतं.

ॲलर्जीची खाज मात्र वेगळी. तिथं पेशींच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्ल असतं आणि त्यापासून दाह वाढवणारी रसायनं तयार होतात. माशाच्या तेलातलं ईपीए हे ओमेगा-३ गटातलं आम्ल त्याची जागा पटकावतं. रसायनं बनवणारी विकरं (एन्झाइम) तीच, पण निघणारा माल सौम्य. जवसात ओमेगा-३ आहे, पण ते ईपीए नाही. कुत्र्याच्या शरीराला त्याचं ईपीए करावं लागतं, आणि ते फार थोडं होतं. म्हणून जवसाची चटणी तुम्ही खा, कुत्र्याला माशाचं तेल द्या.

इथं माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिस नवी होती. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला मी "रोज एक कॅप्सूल" लिहून दिली. डबीवर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम होतं ना! तीन महिन्यांनी मालक आले, कुत्रं तसंच खाजवत होतं. तेव्हा डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली: ईपीए १८०, आणि माशाच्या तेलातलंच दुसरं ओमेगा-३, डीएचए, १२०. म्हणजे कामाचं फक्त ३००. ॲलर्जीसाठी साधारण दहा किलोच्या कुत्र्याला दोन्ही मिळून ७०० मिलिग्रॅम लागतात, तीस किलोच्याला १६००. म्हणजे तशा पाच कॅप्सूल! मी पाचवा हिस्सा देऊन तेलाला नावं ठेवत होतो.

अर्थात एकदम पाच देऊ नका, जुलाब होतील. हळूहळू वाढवा, आणि तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेला असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगा. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं, ते असं मोजून वाढवता येत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा बाटली ओट्यावर नको, फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला की फेकून द्या.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. चालू असलेली स्टेरॉइडची गोळी यानं आपोआप सुटत नाही. पण पुष्कळदा तिचा डोस कमी करता येतो, आणि माझ्या मते हाच मोठा फायदा. स्वतःच्या मनानं मात्र गोळी बंद करू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असे गुण लिहा आणि पुढच्या वेळी ते पानच घेऊन या. "थोडं बरं आहे" यावरून मला डोस ठरवता येत नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "सावजीच्या तर्रीत पण तेल असतेच ना, डॉक्टर?" असतं. पण तिच्यात कांदा-लसूणही असतो, आणि तो कुत्र्याचं रक्त बिघडवतो.