हीट सहाला, कोअर चौदा कमी

(दृश्य: पहाट. बेळगाव, खानापूर रोड, तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे. सायकली, दुचाक्या, लाल बस.)

पहाटेचे साडेपाच. रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नाहीत. येळ्ळूर, देसूर, पिरनवाडी, मच्छे... हँडलला डबा अडकवून माणसं उद्यमबागेतल्या फाउंड्रीकडे, लोखंड ओतायच्या कारखान्याकडे निघालीत. प्रत्येकाच्या खिशात एक ओळ त्याच्या आधी उठून बसली आहे.

"हीट सहाला. कोअर चौदा कमी. मोल्डिंग लाईन एक बंद."

एवढंच. शुभ सकाळ नाही, गुलाबाचा फोटो नाही. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड. कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. मोल्डिंग लाईन म्हणजे जिथं साचे घडतात ती रांग.

(दृश्य: भट्टी. लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या भांड्यात, पडणारा रस. आवाज तसाच ठेवणे, दहा सेकंद निवेदन नाही.)

हा बिडाचा रस. चौदाशे अंशांच्या आसपास. एसजी आयर्न, म्हणजे सहज न तुटणारं बीड, करायचं तर यात मॅग्नेशियम घालतात, आणि घातल्यापासून घड्याळ चालू होतं. दहा-पंधरा मिनिटांत त्याचा असर उतरायला लागतो. तेवढ्यात रस साच्यांत गेला पाहिजे. म्हणजे साचे तयार हवेत, कोअर बसलेले हवेत, क्रेन मोकळी हवी. चार ठिकाणची चार माणसं, आणि मध्ये पंख्यांचा, हातोड्यांचा असा गोंगाट की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही.

म्हणून मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, नाही असं नाही. त्यावर वाढदिवस होतात. कामाचं मात्र साध्या एसएमएसवर. पत्र्याच्या शेडखाली इंटरनेट घुटमळतं, एसएमएसला रेंजची एखादी काडीही पुरते. फोन बंद असला तर मोबाइल कंपनीचं सेंटर मेसेज धरून ठेवतं, फोन चालू झाला की पोचवतं. शिवाय भट्टी सांभाळणाऱ्या मेल्टर मामांकडे बटणांचा फोन आहे आणि तो ते सोडणार नाहीत. रस अंगावर उडतो तिथं पंधरा हजारांचा फोन कोण नेणार, हा त्यांचा प्रश्न.

(दृश्य: सुपरवायझरचा अंगठा, बटणं. जवळून.)

हा अंगठा बघा. न बघता चालतो. मराठी लिहितो, पण अक्षरं इंग्रजी. का, ते जरा मागं जाऊन सांगावं लागेल.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरनं संगणकावरून नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. एका मेसेजची पिशवी १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटांची. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला सोळा बिट लागतात. उरली फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजलं जातं. 'मोल्डिंग' लिहिलं की आठ घरं गेली. मेसेजला पैसे पडायचे त्या काळात मराठीत जरा लांब लिहिलं की एकाच्या जागी दोन मेसेजचं बिल. मुळात बऱ्याच फोनांत देवनागरी नव्हतीच. सवय लागली ती लागली.

आणि खरं सांगायचं तर सकाळची ती ओळ देवनागरीत मोजली तर भरते ४७. आरामात बसते. आम्ही सुपरवायझरना मोजून दाखवली. ते हसले आणि पुन्हा इंग्रजी अक्षरांतच टाईप करायला लागले.

(दृश्य: मोल्डिंग लाईन. वाळू ठोकणारे हात.)

कारण पैशांपलीकडचं आहे. या टीममध्ये अकरा जण. येळ्ळूर, खानापूरकडचे मराठी. हुक्केरी, बैलहोंगलचे कन्नड. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या साफसफाईला, दोघं हिंदी बोलणारे, उत्तरेतून आलेले. मराठीवाल्याला कन्नड लिपी वाचता येत नाही, कन्नडवाल्यांतले काही जण देवनागरीत अडखळतात. इंग्रजी अक्षरं सगळ्यांना वाचता येतात. मग त्या अक्षरांत जी भाषा उतरते ती कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. "सँड बेकु," म्हणजे वाळू हवी. "लॅडल गरम हाय, थांब." "अण्णा, येऊलो."

घोटाळे व्हायचेच. एकदा स्टोअरवाल्यानं लिहायला घेतलं, 'गाडी बंदैती'. म्हणजे गाडी आली आहे. घाईत बोट निसटलं आणि गेलं फक्त 'गाडी बंद'. मराठी वाचणारे म्हणाले, बंद पडली असेल रस्त्यात, येईल दुपारी. पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, ट्रक गेटबाहेर दीड तास उभा होता.

दुसरा घोटाळा 'कल'चा. के-ए-एल. मराठीवाला वाचतो 'काल'. हिंदीवाल्याला तो कालही असतो, उद्याही. कन्नडवाला 'नाळे' लिहितो, म्हणजे उद्या, ते तिसरंच.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, वाळूची धूळ बसलेलं.)

यावर तोडगा सुपरवायझरांनीच काढला. काल-उद्या लिहायचंच नाही. वार लिहायचा. सोमवार ते शनिवार, तिन्ही भाषांत सहाही वार जवळपास सारखे. फरक पडतो तो रविवारी, कन्नडमध्ये भानुवार. आणि रविवारी सुट्टी! माणसानं एवढं शोधून काढलं, पण मेसेज लिहिणं हे काम म्हणून त्यांच्या पगारपत्रकात कुठं नाही. रात्री अकरालाही मेसेज येतो, त्या झोपमोडीचा ओव्हरटाइम कुणी धरत नाही.

लॅबमध्ये आम्हाला कॅमेरा नेता आला नाही. तिथून रसाच्या तपासणीचं येतं ते एवढंच, सी म्हणजे कार्बन:

"सी ३.४. सिलिकॉन २.१. ओके."

(दृश्य: मेल्टर मामा खिशातून फोन काढतात, वाचतात, एक बटण दाबतात.)

मामा उत्तर लिहीत नाहीत. मिस कॉल देतात. एक म्हणजे समजलं. दोन म्हणजे, तू इकडं ये.

(सुपरवायझरच्या खिशात फोन वाजतो. एकदा. थांबतो. भट्टी कलते.)