कारुईझावाची जुनी पेठ

श्रोतेहो, नमस्कार.

टोकियोतला ऑगस्ट ज्यांनी सोसला आहे, त्यांना शनिवारी सकाळी शिंकानसेन या बुलेट ट्रेनला एवढी गर्दी का असते हे सांगावे लागत नाही. साधारण सत्तर मिनिटांत ही गाडी नागानो प्रांतातल्या कारुईझावाला पोहोचते. आसामा या जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी, सुमारे १,००० मीटर उंचीवर वसलेले हे थंड हवेचे गाव. स्थानकाच्या दक्षिणेला नामांकित कंपन्यांच्या दुकानांचे भलेमोठे संकुल आहे आणि बरीचशी गर्दी तिकडेच वळते. पण तिथे जे मिळते ते टोकियोतही मिळते, म्हणून आपण उत्तरेला, सुमारे दोन किलोमीटरवरच्या जुन्या बाजारपेठेत जाऊ. तिला क्यू-कारुईझावा गिन्झा म्हणतात.

पेठ तशी अरुंद आणि पायी फिरण्याजोगी. एदो काळात (१६०३–१८६८) एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणारा नाकासेन्दो मार्ग इथूनच जात असे. उसुई घाट चढून आलेल्या वाटसरूंचा आणि सरदारांच्या लवाजम्याचा मुक्काम इथे पडे, आणि त्यांच्याच जिवावर गावाचा चरितार्थ चाले. त्यानंतरच्या मेइजी काळात (१८६८–१९१२) घाटाचा नवा रस्ता दुसऱ्या बाजूने निघाला आणि पेठेला उतरती कळा लागली. त्याच सुमारास, १८८६ साली, अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ हे कॅनडात जन्मलेले मिशनरी इथे आले. इथली हवा त्यांना मानवली, १८८८ मध्ये त्यांनी उन्हाळ्यासाठी घर केले, आणि त्यांच्यामागोमाग टोकियो-योकोहामातले धर्मोपदेशक आणि वकिलातींतले अधिकारी बिऱ्हाडे घेऊन येऊ लागले. महाबळेश्वर-माथेरानच्या लोकांना ही कथा ओळखीची वाटेल. फरक एवढाच की तिथे राज्यकर्ते गेले होते, इथे आले ते पाहुणे.

आज या पेठेत जे विकले जाते, त्यातले बरेचसे त्या पाहुण्यांच्या गरजेतून आले आहे. त्यांना न्याहारीला पाव आणि जॅम लागे, म्हणून इथे बेकऱ्या निघाल्या आणि जॅमची दुकाने थाटली गेली. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, जर्दाळू अशा जॅमच्या बाटल्या आजही फळ्यांवर ओळीने मांडलेल्या दिसतात. इथल्या फ्रेंच बेकरीत बीटल्स या गायकवृंदाचे जॉन लेनन पाव घ्यायला येत असत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कुटुंबासह इथे उन्हाळ्याला येत. त्यांची आठवण सांगून पाव विकणे मला थोडे अति वाटते, पण पाव चांगला असतो हे मान्य केले पाहिजे.

मला स्वतःला रेंगाळावेसे वाटते ते कारुईझावा-बोरी या कोरीव लाकडी फर्निचरच्या दुकानात. परदेशी बिऱ्हाडांना टेबले, खुर्च्या, कपाटे हवी होती, आणि ती घडवायला कोरीव देवळांसाठी प्रसिद्ध असलेल्या निक्को गावाच्या परंपरेतले कोरीवकाम करणारे कारागीर इथे आले. त्यांनी कपाटाच्या दारांवर साकुराची, म्हणजे चेरीची, फुले कोरली. जवळून पाहिले तर फुलांभोवतीची मोकळी जागाही सपाट नसते. ती बारीक ठिपक्यांनी ठोकून काढलेली असते, त्यामुळे फूल पृष्ठभागावरून उचलल्यासारखे दिसते. किमती मात्र अशा की आपण हात फिरवावा आणि छोटा ट्रे घेऊन बाहेर पडावे.

पेठेपासून जवळच टेनिसची कोर्टे आहेत. १९५७ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो आणि मिचिको शोदा यांची भेट इथे झाली, १९५९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि कारुईझावा साऱ्या जपानच्या तोंडी झाले. पेठ संपते तिथून पुढे शॉ यांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी प्रार्थनाघर लागते, आणि जुन्या मार्गाने चढत गेल्यास उसुई घाटमाथ्यावर रवींद्रनाथ टागोरांचा पुतळा भेटतो. १९१६ च्या जपान दौऱ्यात ते कारुईझावाला आले होते आणि महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींपुढे बोलले होते. रविवारची सकाळ या चढणीसाठी राखून ठेवावी.

खरेदी मात्र शनिवारीच उरकावी, कारण इथली दुकाने संध्याकाळी लवकर मिटतात, हिवाळ्यात तर कित्येक उघडतच नाहीत, आणि गावाची शांतता टिकावी म्हणून चोवीस तास चालणारी दुकानेसुद्धा इथे रात्री बंद ठेवण्याचा रिवाज आहे.