कोयनेच्या खाली, अलमट्टीच्या वर

मित्रहो, आयोजकांनी दिलेला विषय मोठा आहे: बदलत्या आशियातला राज्यकारभार. मी त्यातलं फक्त नद्यांचं बोलणार आहे. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यातले आपण लोक कृष्णेच्या खोऱ्यात, महाराष्ट्रातल्या कोयना धरणाच्या खाली आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या वर राहतो. धरण एका सरकारचं, बुडणारी नदीकाठची मळी दुसऱ्या सरकारच्या हद्दीत, आणि पाणी किती येतंय हे मधल्या माणसाला कुणाच्या तरी मोबाइलवरून कळणार. आशियातल्या कोट्यवधी लोकांची आज हीच स्थिती आहे.

१९५६ हे साल सीमाभागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. तो लढा आपल्या घराघरांत आहे, आणि महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण त्याच १९५६ साली संसदेनं नद्यांसाठी दोन कायदे केले, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. एक आंतरराज्य जलविवाद कायदा, म्हणजे भांडण झालं तर लवाद नेमायचा. दुसरा नदी मंडळ कायदा, म्हणजे भांडणाआधीच खोऱ्यातल्या राज्यांनी एका टेबलाशी बसायचं. पहिला भरपूर वापरला गेला. कृष्णेसाठी १९६९ला बच्छावत लवाद, २००४ला ब्रिजेशकुमार लवाद, म्हादईसाठी २०१०ला आणखी एक. दुसऱ्या कायद्याखाली मात्र आजवर देशात एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. माझ्या मते आपल्या पूरप्रश्नाचं मूळ इथं आहे.

लवाद टीएमसीचं, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजलेल्या पाण्याचं, वाटप करतो. कोणाला किती, एवढं तो सांगतो. ऑगस्टच्या रात्री कोणत्या धरणाचे दरवाजे किती फूट उचलायचे आणि खालच्या गावाला किती तास आधी कळवायचं, हे निवाड्यात मावत नाही. ते रोजचं काम आहे, आणि रोजच्या कामाला दोन्ही राज्यांची माणसं एका खोलीत बसवणारं कार्यालय लागतं. २०१९चा महापूर आठवा. वर सांगली-कोल्हापूर पाण्यात, खाली आपण आणि बागलकोट पाण्यात, आणि दोन्ही राज्यांत चर्चा एकच: अलमट्टीच्या साठ्यामुळे पाणी तुंबलं का. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीनं पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यात थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्यावर भर होता. तरी अलमट्टीत पाणी अडवण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय निघाला की दोन्हीकडचा आवाज पुन्हा चढतो. एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास नाही, म्हणून एकमेकांच्या निष्कर्षांवरही नाही. २०२१च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा बंगळूरला पुरासाठी भेटले, ते चांगलंच झालं. पण मंत्री बदलले की भेटीचं काय होतं ते आपण जाणतो.

आता मेकाँग नदीकडे पाहा. आपण जलविवाद कायदा केला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ला, कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं मेकाँग समिती स्थापली. त्या भागात पुढं किती युद्धं झाली! तरी धागा पुरता तुटला नाही, आणि १९९५ला तिचा आयोग झाला. आयोग दुबळा आहे, हे खरं. वरचा चीन सदस्य नाही, त्याची मोठी धरणं वरच आहेत, आणि आयोगाला कुणावर सक्ती करता येत नाही. पण माहिती मागत राहण्यासाठी एक कायमचा पत्ता राहिला. पूर्वी चीन फक्त पावसाळ्यातले आकडे द्यायचा. २०२०पासून वर्षभराचे द्यायला तयार झाला. मेकाँगच्या कोळ्याचं एवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे मात्र एकाच देशातल्या दोन राज्यांमध्ये कायद्यानं उभं असलेलं एवढंही नाही.

माहिती तुटली की काय होतं हे ऑगस्ट २०२४ला त्रिपुरा-बांगलादेश सीमेवर दिसलं. बांगलादेशात फेनी भागात महापूर आला आणि भारतानं डुंबूर धरणातून पाणी सोडलं अशी बातमी पसरली. परराष्ट्र मंत्रालयानं ते नाकारलं, पावसाचं कारण दिलं, आणि सांगितलं की पाणी वाढत असल्याची माहिती २१ तारखेला दुपारी तीनपर्यंत दिली जात होती. संध्याकाळी सहाला पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडचण आली. मित्रहो, यातली वीज जाणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोन देशांचे संबंध ज्या रात्री बिघडू शकतात, त्या रात्रीची माहिती एका तारेवर लटकलेली असते. आपल्या बंधाऱ्यांवरचं मोजमाप वीज गेल्यावर चालू राहतं का, हे आपण विचारलं पाहिजे.

त्याच बांगलादेशाकडून एक शिकण्यासारखं आहे. १९७०च्या भोला चक्रीवादळात तिथं किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर स्वयंसेवकांची फळी बांधली, आज ते ७० हजारांच्या वर आहेत. भोंगा, झेंडे, सायकल, आणि आपल्याच वाडीतला माणूस. २०२०च्या अम्फान वादळात लाखो लोक वेळेत हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन आकडी राहिला. गरीब देशानं हे केलं. इशारा हवामान खात्यात तयार होतो, पण तो दारापर्यंत नेणारी व्यवस्था सरकारला उभी करावी लागते.

आपल्याकडे तो दारापर्यंत कसा येतो? सांगलीत आयर्विन पुलावर इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. तिथल्या पोराबाळांनाही हे फूट पाठ आहेत, आणि कितव्या फुटाला कुठली गल्ली बुडते तेही. आपल्याकडे आकडा येतो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी: कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातून एवढे, तिला मिळणाऱ्या दूधगंगेतून एवढे. कल्लोळ-यडूरच्या शेतकऱ्यानं त्या क्युसेकचं काय करायचं? त्याला नदीवरची मोटार काढायची असते, तीही चार माणसं जमवून, दोर लावून, चिखलातून. म्हशी सोडायच्या असतात, वैरण हलवायची असते. रात्री नऊला कळलं तर जमतं, पहाटे तीनला कळलं तर मोटार गेली. पाणी माझ्या गोठ्याच्या उंबऱ्याला कधी लागणार, एवढंच त्याला हवंय.

आणि ते त्याला कळेल अशा भाषेत हवंय. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं संरक्षण आहे. इतर सगळे वाद बाजूला ठेवा, पण पुराची सूचना मराठी गावाला मराठीतून मिळालीच पाहिजे. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड गावांना महाराष्ट्रानं ती कन्नडमधून द्यावी, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो. इथं भाषेचा मान आहेच, पण त्याच्या आधी जीव आहे.

कृष्णा खोऱ्यासाठी १९५६च्या कायद्याखाली मंडळ मागा. आमदार, खासदार, दोन्ही राज्यांचे, सगळ्यांकडे मागा. दिल्लीला वेळ लागेल. ग्रामपंचायतीला मात्र थांबायची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१चं पाणी कुठवर आलं होतं हे गावातल्या म्हाताऱ्यांना भिंतीसकट माहीत आहे. त्या खुणा रंगवा, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या कट्ट्यावर, विजेच्या खांबावर. प्रत्येक खुणेशेजारी त्या दिवशीचा राजापूर आणि दूधगंगेचा विसर्ग लिहा. पाटबंधारे खात्याकडे तो नोंदलेला असतो, लेखी अर्ज करून मागा. मग रात्री मोबाइलवर क्युसेक आला की कुणीही बॅटरी घेऊन भिंतीशी जाईल आणि कुठली घरं उठवायची ते सांगेल. जूनच्या आत ग्रामसभेत हा ठराव घ्या.