तीन खाटा, एकच मात्रा

नमस्कार श्रोतेहो. धुळवड तोंडावर आली की नागपुरात एक प्रश्न हमखास निघतो, यंदा ठंडाई कोणाकडे? आज त्या ठंडाईत पडणाऱ्या हिरव्या गोळीबद्दल बोलू. भांग, गांजा, चरस, झाड एकच. पानं वाटली की भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्यावरची चिकट राळ म्हणजे चरस. हे तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून सरळ कलकत्त्याला जाऊ.

तारीख ६ नोव्हेंबर १८३८. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज, त्याचं इस्पितळ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर, अजून तिशीही न गाठलेला. याच माणसानं पुढे हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा ओढल्या. एकाच माणसानं गांजा तपासावा आणि तारखातंही उभं करावं, हे त्या काळी चालायचं. आता गुडघ्याचा डॉक्टर वेगळा आणि खांद्याचा वेगळा! असो.

ओशॉनेसीनं आधी जनावरांवर प्रयोग केले. एका मध्यम कुत्र्याला दहा ग्रेन, म्हणजे साधारण ६५० मिलिग्रॅम, नेपाळी चरस दिला. अर्ध्या तासात कुत्रं पेंगायला लागलं, मधूनच परम समाधानानं शेपूट हलवायचं, खायला ठेवलं की अधाशासारखं खायचं, चालताना झोकांड्या द्यायचं. सहा तासांत पुन्हा ठणठणीत. मग पाळी माणसांची. संधिवाताचे तीन रुग्ण, तीन खाटा. औषध म्हणजे गांजाचे शेंडे स्पिरिटमध्ये उकळून, ते आटवून काढलेली राळ. प्रत्येकाला एक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, पातळ करून पाजली. दुपारी दोन वाजता. तिघांना तीच मात्रा, तीच वेळ. हे लक्षात असू द्या.

चार वाजले. पहिला रुग्ण बडबडायला लागला, गाणी म्हणायला लागला, जास्तीचं जेवण मागायला लागला. म्हणाला, मी अगदी ठणठणीत आहे. उरलेले दोघं जसेच्या तसे. सहा वाजता पहिला पेंगुळला. आठ वाजता डॉक्टरांना वॉर्डातून तातडीची चिठ्ठी गेली, लवकर या, लक्षणं भलतीच दिसताहेत. डॉक्टर धावत आले. पाहतात तो रुग्ण पूर्ण बेशुद्ध. पण श्वास एकसारखा चाललेला, नाडी व्यवस्थित, डोळ्यांजवळ उजेड नेला की बाहुल्या आकसतात. डॉक्टर घाबरले. दुसऱ्या खाटेकडे गेले, तो झोपलेला. तिसऱ्याकडे गेले, तो टक्क जागा, शहाण्यासारखा बोलतोय, नशेचं चिन्ह नाही. परत पहिल्याजवळ आले, उलटीचं औषध तयार करायला सांगितलं, आणि वाट बघता बघता त्याचा हात सहज उचलला.

हात वर केला, आणि तो वरच राहिला.

खाली येईना. मग त्याला उठवून बसवलं, हातपाय हवे तसे वाकवले. जसे ठेवले तसेच राहिले, मेणाच्या बाहुलीसारखे. पोटावर मोहरीचा लेप लावला, तरी हूं की चूं नाही. या गोंधळात दुसऱ्या खाटेवरच्याला जाग आली. पहिल्याचा तो पुतळा बघून त्याला भारी मौज वाटली, आणि एकदम तो खदाखदा हसत सुटला. ओरडायला लागला, चार भुतं माझी खाट घेऊन हवेत उडताहेत! हसू आवरेना. थोड्या वेळानं त्याचेही हातपाय तसेच, ठेवाल तिथे राहू लागले. रात्री एकपर्यंत हे चाललं, मग दोघंही भानावर आले. दुसऱ्या दिवशी संधिवात बराच हलका होता.

आणि तिसरा? त्याला काहीच झालं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, गडी आधीपासून चिलीम ओढणारा होता.

आता या गोष्टीतून काय घ्यायचं ते थोडक्यात सांगतो. दोन वाजता पाजलं, आठ वाजता खरा अंमल. पोटातून घेतलेली भांग उशिरा चढते. पुन्हा सांगतो, पोटातून घेतलेली भांग उशिरा चढते. चिलमीचा धूर काही मिनिटांत मेंदूत पोचतो. ठंडाईला अर्धा तास ते दोन तास लागतात, कारण तिच्यातलं टीएचसी नावाचं नशेचं द्रव्य आधी यकृतात जातं, आणि तिथे त्याचं जे रूप तयार होतं ते आणखी जहाल असतं. अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे होतं काय, दहा वाजता एक ग्लास, साडेदहाला "काहीच चढली नाही बे" म्हणत दुसरा. अकराला पहिला चढतो, बाराला दुसरा, आणि तेव्हा ऊन डोक्यावर असतं. शिवाय वाटलेला पाला पातेल्याच्या तळाशी बसतो. ढवळलं नाही तर शेवटचा ग्लास सगळ्यात कडक. टीएचसी तुपा-दुधात, बदामाच्या तेलात विरघळतं, पाण्यात नाही. ठंडाईची कृती करणाऱ्यांना हे शास्त्राआधीच कळलं होतं. (बाटलीतल्या सरबताला ठंडाई म्हणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. खसखस, बडीशेप, मगज पाट्यावर वाटलेलं नसेल तर ते नुसतं रंगीत दूध.)

हात वर का राहिला? मेंदूत सीबी-वन नावाची ग्राहकं असतात, म्हणजे टीएचसी जिथे जाऊन चिकटतं त्या जागा. हालचाल सांभाळणाऱ्या भागात ती दाट, श्वास चालवणाऱ्या भागात अगदी विरळ. म्हणून हात अडकला, श्वास अडला नाही. अफूचं उलट आहे, ती श्वासच थांबवते. आजही नवीन द्रव्य गांजाच्या जातीचं आहे का हे बघताना उंदराचे पुढचे पाय एका दांडीवर ठेवतात आणि तो किती वेळ तसाच राहतो ते मोजतात. आपल्या शरीरातही याच ग्राहकांना लागणारं एक द्रव्य तयार होतं. १९९२ साली ते सापडलं आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद' शब्दावरून. तिसऱ्या रुग्णाचं कारणही इथेच. रोज ओढणाऱ्याची ही ग्राहकं कमी होतात, बोथट होतात. म्हणून मित्राला पचली ती तुम्हाला पचेलच असं नाही.

औषध म्हणून उपयोग आहे, पण मोजका. केमोथेरपीची उलटी, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, आणि मुलांच्या काही चिवट अपस्मारांत कॅनाबिडायॉल, याच झाडातलं दुसरं द्रव्य. त्यानं नशा येत नाही. त्याला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. मात्रा बघा. सुरुवात रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम, मग १०. पंधरा किलोच्या मुलाला दिवसाला दीडशे मिलिग्रॅम. बाटलीवर एकूण ३०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ती दोन दिवसांत संपली! आणि मूल व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्या औषधावर असेल तर यकृताची तपासणी हवीच. 'झाडपाल्याचं आहे, काही होत नाही' हे ऐकलं की माझं डोकं तापतं. धोतराही झाडालाच येतो, आणि तोही महादेवालाच वाहतात.

कायदा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत. म्हणून मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. पण सौंसरहून हद्द ओलांडून इकडे आलात की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, आणि परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा ठरतं. पानांत शेंडे मिसळलेले असले तर तो गांजाच. एक किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा, शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर गेलं की किमान दहा वर्षं. चरसाला हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो. आणि वर्तमानपत्रांनी गांजा, मेफेड्रोन (एमडी), हेरॉइन सगळं 'अमली पदार्थ' या एकाच पोत्यात घालणं आता थांबवावं.

हृदयरोगी, गरोदर बाई, घरात कोणाला मनोविकार असलेला तरुण, यांनी ग्लासला हातच लावू नये. नाडी जोरात धावते, आणि मार्चच्या उन्हात अंगात पाणी आधीच कमी. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं. वर दारू नको, गाडीची किल्ली नको.

एखाद्याला जास्त झालीच तर अंधाऱ्या, शांत खोलीत न्या, कोणीतरी जवळ बसा. उतारा नाही. लिंबू, चिंचेचं पाणी, लोणचं, पेंगणाऱ्याच्या तोंडात यातलं काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवा. छातीत दुखलं, हाक मारून जाग येत नसेल, झटका आला, किंवा लहान मुलानं चुकून ग्लास तोंडाला लावला असेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. इस्पितळ मेयो असो की मेडिकल, आत शिरताच सांगा, काय प्यायला, किती ग्लास, आणि किती वाजता. वेळ आधी सांगा. दोनला प्यायला असेल आणि तुम्ही तीनला पोचला असाल, तर अजून चढायची बाकी आहे हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.