‘एस्पायल’: हेर, हेरगिरी आणि हेरांचं जाळं, तिन्ही एकाच शब्दात

[कॅमेऱ्यासमोर. पडद्यावर शब्दाची अक्षरं एकेक करून उमटतात: ई, एस, पी, आय, ए, एल]

नमस्कार मंडळी. हा जुना इंग्रजी शब्द आहे ‘एस्पायल’. शब्दकोशात बघाल तर समोर ‘हेर’ असा अर्थ सापडेल आणि तुम्ही कोश मिटून पुढे वाचायला लागाल. गोंधळ तिथेच होतो. कारण 1390च्या आसपास लंडनमध्ये कुणी हा शब्द वापरला, तर त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एक माणूस नसायचा. एक तर टेहळणीचं काम असायचं, नाही तर ते काम करणारी अख्खी टोळी. एकट्या हेरासाठी त्याच्याकडे वेगळा, आखूड शब्द होता.

आधी या शब्दाची घडण बघू. अर्थांचा सगळा घोळ तिच्यातच आहे.

मुळात एक जर्मानिक क्रियापद होतं, ‘टक लावून बघणे’ अशा अर्थाचं. आजच्या जर्मनमधलं ‘श्पेएन’ त्याचंच. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळीबरोबर ते गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, आलं आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्पिए’ झालं. सुरुवातीचा ‘ए’ कुठून आला? शब्दाच्या तोंडी ‘स्प’, ‘स्ट’, ‘स्क’ आलं की त्या बोलीत पुढे एक स्वर चिकटायचा. आपल्याकडे नाही का, ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं, अगदी तसंच. इंग्रजीने असे शब्द फ्रेंचमधून घेतले तेव्हा बऱ्याचदा दोन्ही रूपं ठेवून घेतली, स्वरासकट आणि स्वराशिवाय. आपण मराठीत ‘इस्टेट’ म्हणतो आणि ‘स्टेट बँक’ही म्हणतो, ते दोन्ही मुळात एकच. ‘एस्पाय’ आणि ‘स्पाय’ ही तशीच जोडी. ‘एस्पायल’चंही ‘स्पायल’ असं बोडकं रूप होतं आणि ते सतराव्या शतकापर्यंत सर्रास चालत होतं.

आता शेपूट बघा. फ्रेंच रूप होतं ‘एस्पिआइल’, आणि यातला ‘-आइल’ हा प्रत्यय लॅटिनच्या नपुंसकलिंगी अनेकवचनातून आलेला आहे. तो लागला की शब्दाला दोन अर्थ चिकटतात: एक क्रियेचा, दुसरा समूहाचा. समूहाचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘रास्कल’. आज ही एका माणसाला दिलेली शिवी आहे, पण मध्ययुगात ‘रास्काइल’ म्हणजे जमाव, खालच्या थरातली गर्दी. गर्दीचा शब्द घसरत घसरत एका माणसावर येऊन बसला. ‘एस्पिआइल’चंही तेच झालं: आधी टेहळणी, मग टेहळणी करणारे लोक, आणि शेवटी त्यांतला एक जण.

[पडद्यावर: चॉसरच्या ‘फ्रायर्स टेल’मधल्या दोन ओळींचं मराठी]

आता प्रत्यक्ष वापर. चॉसर हा चौदाव्या शतकातला इंग्रज कवी. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या गोष्टींच्या काव्यग्रंथात फ्रायरने, म्हणजे भिक्षा मागत फिरणाऱ्या साधूने, सांगितलेली एक गोष्ट आहे. तिचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, एक ‘समनर’ आहे. समनर म्हणजे चर्चच्या न्यायालयाचा बेलिफ. लग्नाबाहेरचे संबंध, चर्चचा कर बुडवणं, जादूटोणा असल्या खटल्यांत तो लोकांवर समन्स बजावायचा. हा गडी मात्र समन्स बजावण्यापेक्षा समन्सची भीती दाखवून पैसे उकळण्यात वाकबगार. एका म्हाताऱ्या विधवेकडे तो बारा पेनी मागतो, गुन्हा काय तर काहीच नाही. त्याच्याबद्दल चॉसर म्हणतो, त्याने गुपचूप आपलं ‘एस्पिआइल’ ठेवलं होतं आणि कुठे हात मारता येईल हे ते त्याला शिकवायचं. पुढे तपशीलही येतो: कुंटणखान्याचे दलाल त्याच्या हाताशी होते, आणि कोण कुणाकडे जातो हे त्यांच्याकडून त्याला कळायचं.

इथे ‘त्याचा एक हेर होता’ असं भाषांतर केलं तर अख्खी गंमत गेली. मराठीत याला नेमका शब्द आहे: खबऱ्यांचं जाळं. या ओळीत राजा नाही, लढाई नाही, परदेश नाही. हे गल्लीतल्या हप्तेवसुलीचं यंत्र आहे, आणि या शब्दाचा इतका स्पष्ट जुना वापर नेमका तिथला असावा हे मला फार बोलकं वाटतं.

त्याच ग्रंथात, पार्डनरच्या, म्हणजे पैसे घेऊन पापमुक्तीची पत्रं देणाऱ्याच्या, गोष्टीत तीन दारुडे मृत्यूला शोधायला निघतात आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला दरडावतात की तू त्या मृत्यूचा हेर आहेस, बोल तो कुठे आहे. तिथे चॉसर ‘एस्पिआइल’ लिहीत नाही, ‘एस्पाय’ लिहितो. एकटा माणूस, म्हणून आखूड शब्द. लेखक एकच आणि काळही एकच, पण फरक नीट पाळलेला आहे.

चॉसरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. ‘चॉसर स्वतः हेर होता’ असं इंटरनेटवर छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याला आधार काय? 1376-77च्या सरकारी हिशेबांत त्याला ‘राजाच्या गुप्त कामासाठी’ प्रवासखर्च दिल्याची नोंद आहे, लॅटिनमध्ये. पण त्या काळच्या हिशेबांत ‘गुप्त काम’ म्हणजे खाजगी, गाजावाजा न करता करायचं काम. तहाची बोलणी, राजपुत्राच्या सोयरिकीची चाचपणी, सगळं त्यात बसतं. एवढ्या एका शब्दावर त्याला हेर ठरवता येत नाही.

[कट. कॅमेरा थोडा जवळ]

आता खरी अडचण. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या हेरांबद्दल वाचायला बसलात तर कागदपत्रांत हा इंग्रजी शब्द तुम्हाला सहसा भेटणारच नाही, कारण कागदपत्रं इंग्रजीत नव्हती. हिशेब लॅटिनमध्ये, तिथे शब्द ‘एक्स्प्लोरातोर’. दरबारी पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये, तिथे ‘एस्पी’. 1295मधलं सर थॉमस टर्बरव्हिलचं प्रकरण घ्या. हा इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचा सरदार. फ्रेंचांच्या हाती सापडला, परत आला आणि म्हणाला, कैदेतून पळालो. खरं तर तो फ्रान्सच्या राजाशी सौदा करून आला होता. त्याने पॅरिसच्या प्रोव्होला, म्हणजे तिथल्या राजाच्या अधिकाऱ्याला, पत्र लिहिलं की दक्षिण किनाऱ्यावर पहारा फारसा नाही, आइल ऑफ वाइट बेट तर मोकळंच आहे. पत्र नेणाऱ्यानेच ते राजाच्या माणसांकडे पोचवलं. ऑक्टोबर 1295मध्ये लंडनमध्ये टर्बरव्हिलला फासावर चढवलं. इंग्रज हेर, इंग्लंडमध्ये बसलेला, इंग्लंडविषयीच लिहितोय, आणि पत्राची भाषा फ्रेंच.

त्याच वर्षी एडवर्डने परदेशी मठांच्या इंग्लंडमधल्या शाखा ताब्यात घेतल्या आणि किनाऱ्याजवळच्या फ्रेंच साधूंना आत हलवलं. समुद्राकडे तोंड करून बसलेला परका साधू काय काय बघत असेल, ही धास्ती. पुढे शतकभर युद्ध पेटलं की या मठांवर गदा यायची. 1414मध्ये पाचव्या हेन्रीच्या काळात त्यांचा कायमचा निकाल लागला.

म्हणजे काम जुनं आहे, इंग्रजी शब्द कागदावर उशिरा आला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत भरपूर लिहिलं जाऊ लागलं तेव्हाच तो दिसतो.

आणि दिसतो तेव्हा फसवतो. सगळ्यात मोठा सापळा विक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात आहे, तेही त्याच काळातलं. उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायात योसेफ आपल्या भावांना म्हणतो, तुम्ही हेर आहात. तिथे शब्द आहे ‘अस्पायरिस’. ठीक, हेर. पण प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय: शौलाला मारायला लोक टपलेले असतात आणि त्याला ते कळतं. तिथे शब्द आहे ‘अस्पाइज’, ‘त्यांचे अस्पाइज शौलाला कळले’. इथे हेर कळले नाहीत, डाव कळला. मूळ लॅटिनमध्ये ‘इन्सिदिए’ आहे, म्हणजे दबा धरणं, घातपात. इफिसकरांच्या पत्रात तर ‘सैतानाचे अस्पायिंग्स’ येतात. त्याचे हेर नव्हेत, त्याचे डावपेच. नुसतं बघणं आणि मारण्यासाठी टपून बघणं यांत त्या काळच्या इंग्रजीने भिंत घातलेली नव्हती.

मग वाचताना ओळखायचं कसं? मी आधी शब्दाच्या मागचं क्रियापद बघतो. ‘अमक्याने एस्पायल ठेवलं’ असं असेल तर बहुधा जाळं. ‘एस्पायल केलं’ असेल तर पाळत. ‘एस्पायलने कळलं’ हे सगळ्यात अवघड, कारण ‘टेहळणीतून कळलं’ आणि ‘हेराकडून कळलं’ दोन्ही बसतं. तिथे पुढच्या वाक्यात त्याच्यासाठी सर्वनाम कोणतं येतं ते बघा. अनेकवचनाचा ‘स’ लागलेला असला तर माणसंच, असं सोळाव्या शतकापासून निर्धास्त म्हणता येतं. भाषांतरित ग्रंथ असेल तर लॅटिन मूळ उघडा. ‘एक्स्प्लोरातोर’ असेल तर हेर, ‘इन्सिदिए’ असेल तर दबा.

सैन्यातले शब्द वेगळे, ते यात मिसळू नका. ‘स्काउट’ हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदावरून आलेला. म्हणजे शब्दाच्या मुळाशी जाऊन बोलायचं तर ‘एस्पायल’ डोळ्याने काम करतो आणि ‘स्काउट’ कानाने. त्यांच्याशिवाय ‘स्करर’ नावाचे घोडेस्वारही होते, सैन्याच्या पुढे धावून रान उघडं करणारे. त्यांच्या अंगावर आपल्या बाजूचे रंग असत. ते लपून काम करत नव्हते, म्हणून ते हेर नव्हेत.

[पडद्यावर: 1623]

शेक्सपियरपर्यंत येताना शब्द माणसावर स्थिरावलेला आहे. ‘हेन्री द सिक्स्थ’च्या पहिल्या भागात ऑर्लेआँचा तोफखान्याचा प्रमुख आपल्या मुलाला सांगतो की राजपुत्राच्या ‘एस्पायल्स’नी खबर दिली आहे. सरळ हेर. ‘हॅम्लेट’मधलं उदाहरण जास्त खुमासदार. तिसऱ्या अंकात राजा आणि पोलोनियस पडद्याआड लपून हॅम्लेट आणि ऑफिलियाचं बोलणं ऐकायचं ठरवतात. राजा राणीला म्हणतो, मी आणि तिचा बाप, ‘लॉफुल एस्पायल्स’. कायदेशीर हेर! हे दोन शब्द 1604-05च्या क्वार्टो आवृत्तीत, म्हणजे नाटकाच्या सुट्या छोट्या पुस्तकात, नाहीतच, 1623च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या एकत्रित नाटकांच्या मोठ्या ग्रंथात, आहेत, आणि तिथेही कंसात. ‘स्पाय’ म्हटलं असतं तर अंगाला चिकटलं असतं. ‘एस्पायल’ जरा भारदस्त, त्याला वर ‘लॉफुल’ची इस्त्री. बायकोसमोर चोरून ऐकण्याचं समर्थन करणारा राजा असाच बोलणार.

शेवटचा साक्षीदार फ्रान्सिस बेकन. 1622मध्ये त्याने सातव्या हेन्रीचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्यात तो म्हणतो, राजाने देशात आणि परदेशात गुप्त ‘स्पायल्स’ ठेवले होते आणि त्याला ते भागच होतं, कारण त्याच्या पायाखालची जमीन पोखरणारे ‘मोल’, म्हणजे चिचुंद्रीसारखे बिळं करणारे, सतत कामावर होते. हे वाक्य ‘मोल म्हणजे हेर’ या आधुनिक अर्थाचा जुना पुरावा म्हणून पुढे केलं जातं. नीट वाचा: हेर आहेत ते ‘स्पायल्स’ आणि ते राजाचे. ‘मोल’ म्हणजे राजाविरुद्ध कट करणारे. वाक्यात दोघं समोरासमोर उभे आहेत.

त्यानंतर शब्दाची वाटणी झाली. माणूस ‘स्पाय’ने घेतला. काम अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचमधून आलेल्या ‘एस्पिओनाज’ने घेतलं. ‘एस्पायल’कडे उरलं फक्त ‘नजरेस पडणं’, तेही पुस्तकी. ‘एस्पाय’ क्रियापदाचंही तसंच, आज त्याचा अर्थ ‘अचानक दिसणे’ इतकाच. आपलं ‘हेरणे’ त्याच वाटेवर आहे: ‘हेर’ म्हणजे गुप्तचर, पण ‘संधी हेरली’मध्ये गुप्त काही नाही.

आता एका दाव्याचा निकाल लावू, कारण खाली कुणीतरी लिहिणारच. ‘स्पाय’ हा संस्कृत ‘स्पश’वरून आला का? नाही. वर सांगितली ती वाट जर्मानिक, फ्रेंच, इंग्रजी. संस्कृत मधे कुठेही येत नाही. पण दोन्ही एकाच आदिम धातूचे वंशज आहेत, ‘पाहणे’ या अर्थाच्या, आणि लॅटिन ‘स्पेक्’ही त्याच घरातला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात वरुणाभोवती त्याचे ‘स्पश’ बसलेले आहेत: ‘परि स्पशो नि षेदिरे’. माघाने ‘शिशुपालवधा’त उद्धवाच्या तोंडी तर यावर श्लेषच केला आहे: ‘शब्दविद्येव नो भाति राजनीतिरपस्पशा’. पतंजलीच्या महाभाष्याचं पहिलं प्रकरण ‘पस्पशा’. ते नसेल तर व्याकरण शोभत नाही, आणि ‘स्पश’ नसतील तर राजनीती शोभत नाही. तेव्हा नातं आहे, पण ते भावकीचं, बाप-लेकाचं नाही.

ज्यांना स्वतः शोधायचं आहे त्यांच्यासाठी. जुन्या पुस्तकांच्या डिजिटल प्रतींत ‘एस्पायल’ टाइप करून काही मिळालं नाही तर निराश होऊ नका. त्या काळचा लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. तेव्हा ‘ई-एफ-पी-आय-ए-एल’ आणि ‘एफ-पी-आय-ए-एल’ असंही शोधा. ‘आय’च्या जागी ‘वाय’ घाला, शेवटी ‘एल’ एक आणि दोन असं दोन्ही करून बघा. मध्ययुगीन ग्रंथांच्या संपादित प्रतींसाठी सुरुवातीला ‘ई’ऐवजी ‘ए’ अक्षर, म्हणजे ‘अस्पाय-’ गटही घ्या. विक्लिफचं बायबल त्याशिवाय हाती लागणार नाही.