ओ-ला ओ का जुळेना?

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘दुर्मीळ अँटिबॉडी आणि रक्त चढवतानाचे धोके’ असा छापलाय. त्यावर येतोच; अँटिबॉडी म्हणजे परक्या पदार्थावर तुटून पडणारं शरीराचं हत्यार. आधी एक सांगा: ओ ग्रुपचं रक्त कुणालाही चालतं, असं कोणाकोणाला वाटतं? हात वर करा. वा! पहिल्या रांगेतले दोन डॉक्टरसुद्धा. माझं मानधन वसूल झालं.

1952 साली मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख छापला. काही माणसांचं रक्त तपासणीत ओ-सारखं दिसत होतं, पण त्यांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, ओ ग्रुपच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. तोच हा बॉम्बे ग्रुप. आपल्याकडे ढोबळमानाने दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. जगातल्या प्रयोगशाळांत मुंबईचं नाव घेतात ते यासाठी, वडापावसाठी नव्हे.

भानगड अशी. लाल पेशीवर एच नावाचा पदार्थ म्हणजे भिंतीतली खुंटी. तिच्यावर ए-ची टोपी अडकवली की ए ग्रुप, बी-ची अडकवली की बी. ओ-वाल्याची खुंटी रिकामी. बॉम्बेवाल्याच्या भिंतीला खुंटीच नाही, म्हणून त्याच्या शरीराला एच परका. त्याच्याकडे ए, बी आणि एच, तिन्हींविरुद्ध अँटिबॉडी जन्मानंतर काही महिन्यांत आपोआपच तयार होतात. आणि एच सर्वांत जास्त कुणाच्या पेशींवर? ओ-वाल्याच्या! म्हणजे आपला तो ‘सर्वांचा दाता’ इथे सर्वांत वाईट.

आता माझं दुखणं. कॉलेजांतल्या शिबिरांत काचेवर दोन-तीन थेंब टाकतात, गुठळी झाली नाही की ‘ओ’ छापून कार्ड लॅमिनेट करतात. सीरममध्ये ओळखीच्या ग्रुपच्या पेशी घालून बघायची उलटी तपासणी नाही, त्यात ओ पेशी घालून बघणं तर दूरच. असंच कार्ड घेऊन एक बाळंतीण आमच्याकडे आली. रक्तस्राव थांबेना. रक्तपेढीने ओ-च्या पिशव्या क्रॉसमॅचला, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळतात का ते बघायला, लावल्या; एकही जुळेना. वॉर्डातला रेसिडेंट फोनवर तापला, ‘ओ-ला ओ जुळत नाही म्हणजे काय? पिशव्या शिळ्या आहेत का?’ आमच्या तंत्रज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘डॉक्टर, पिशव्या ताज्या आहेत, कार्ड शिळं आहे.’

तोवर गावातली पोरं बाह्या सरसावून रांगेत उभी. सासूबाई म्हणत होत्या, ‘आमच्या घरातलं घ्या की, बाहेरचं कशाला?’ माऊली, तुमच्या घरातलं कसं चालेल? हा बॉम्बे ग्रुप आई-बापांकडून दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे आशा सख्ख्या भावंडांत, चारांत एक. मी विचारलं, हिला भाऊ आहे का? होता की! तो मघापासून सगळ्यांसाठी चहा आणत होता. त्याचं रक्त जुळलं. बाई वाचल्या.

(जाता जाता, पुरुषमंडळींसाठी. ‘ओ’ कार्डवाल्या बॉम्बे आईला ए-बी ग्रुपचं मूल होऊ शकतं. ए-ची किंवा बी-ची टोपी तिच्याकडे असू शकते, अडकवायला जागा नसते. तेव्हा कार्ड बघून घरात महाभारत सुरू करू नका.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता उभ्या उभ्याच उरकतो.

न जुळणारं रक्त गेलं की पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. थोडंसं रक्त गेल्यावरच थंडी-ताप, कंबरदुखी, सुई टोचलेल्या जागी आग, लाल लघवी. पुढे रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळ कुणीतरी हवंच. शंका आली की रक्त बंद, सलाइन चालू, पिशवी आणि नवा नमुना रक्तपेढीकडे.

दुसरं, सगळ्या अँटिबॉडी अशा आपोआप तयार होत नाहीत. आरएच, केल, किड या लाल पेशीवरच्या इतर गटांविरुद्धच्या अँटिबॉडी आधी चढवलेल्या रक्ताने किंवा गरोदरपणामुळे तयार होतात. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना वारंवार रक्त लागतं, त्यांना हा धोका जास्त. म्हणून नुसता ए-बी-ओ न बघता आरएच आणि केलही जुळवून द्यावं आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग, म्हणजे अशा अँटिबॉडी आहेत का याची चाचणी, करावं. ते आपल्याकडे सगळीकडे होत नाही. खर्चाचं कारण सांगतात. त्यावर वेगळं भाषण लावा, येईन.

किडविरुद्धची अँटिबॉडी तर भलतीच लबाड. काही महिन्यांत तिची पातळी इतकी उतरते की तपासणीत दिसत नाही. पुन्हा तसंच रक्त दिलं की आठवड्याभरात कावीळ, हिमोग्लोबिन खाली, आणि कुणाला रक्ताचा संशयही येत नाही. तेव्हा अँटिबॉडी सापडल्याचा कागद रक्तपेढीने एकदा दिला असेल, तर नवा रिपोर्ट कितीही स्वच्छ आला तरी तो जुना कागद जपून ठेवा आणि दाखल होतानाच दाखवा.

बरं, प्रश्न विचारा. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांपासून सुरुवात करू.